न बोलणाऱ्या लेकराला आगीचा धडा

हंगामात भोकर भागात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. पाचटाचं छप्पर अन् जवळच चूल! पाचट पेटलं की पाहता पाहता सगळं संपतं. अशा वेळी न बोलणारं, उशिरा समजणारं लेकरू पळत नाही. भिऊन गोधडीत दडतं. हाकेला ओ आली नाही म्हणून ते बाहेरच असेल, असं धरून चालू नये.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं संकटात समान संरक्षण दिलं आहे खरं, पण कोपीत कायदा धावून येत नाही. आपणच शिकवायचं.

'आग वाईट' हे त्याला कळत नाही. रोज तेच शब्द, तीच खूण : "चल, लिंबापाशी." हात धरून ठरलेल्या झाडापर्यंत न्यावं, तिथं शाबासकी द्यावी. खरी आग दाखवून भिववू नये. भोंग्याला कान झाकत असेल तर आवाज आधी दुरून, हळू ऐकवावा. महिने लागतील, मधेच सोडू नये. अन् रात्री त्याला कोण उचलणार, हे आधीच ठरवावं.

भाजलंच तर हळद, टूथपेस्ट नको. २० मिनिटं साधं पाणी ओतत राहा अन् १०८ ला फोन लावा.