पळणारी लेक आणि चालणारी आई



मी ठाण्याची. ३५ वर्षं मुंबईच्या एका हॉस्पिटलात नर्स म्हणून नोकरी केली. आता वय ७१. मधुमेह आहे, उजवा गुडघा कुरकुरतो. माझी लेक अमेरिकेत न्यू जर्सीला असते. गेली दोन वर्षं मी जूनमध्ये तिच्याकडे गेले आणि नोव्हेंबर संपता संपता परत आले. तिथे लांब पल्ल्याच्या पळण्याबद्दल जे पाहिलं आणि शिकले, ते आज सांगणार आहे. "आपल्याला या वयात कुठे पळायचं आहे?" असं म्हणून पान उलटू नका. पळणाऱ्याच्या शरीराला जो नियम, तोच आपल्याला. फक्त माप वेगळं.

घरातला वाद

पहिल्या वर्षी मी पोहोचले त्याच रात्री लेकीने सांगितलं, "मम्मी, मी न्यू यॉर्क मॅरेथॉनला नाव दिलंय." मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. लेकीचं वय ३७, पूर्ण वेळ नोकरी, मुलगा ६ वर्षांचा, मुलगी १४ महिन्यांची. मला रागच आला. म्हटलं, "लेकरं घरात आणि तू रस्त्यावर? हे काय वय आहे का?"

ती शांतपणे म्हणाली, "पप्पा काय म्हणायचे, आठवतं ना? जरा सवड मिळाली की चालायला सुरुवात करतो."

आमचे हे ५९व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. ती सवड काही मिळाली नाही. शिवाय लेकीला दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी साखर लागली होती. बाळ झाल्यावर ती साखर उतरते, म्हणून आपण विसरून जातो. पण अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या माहितीप्रमाणे अशा बायकांपैकी जवळजवळ निम्म्या बायकांना पुढे कायमचा मधुमेह जडतो. मी नर्स. मला हे ठाऊक होतं. मी गप्प बसले, पण मनातला राग काही गेला नाही.

सराव म्हणजे काय

मॅरेथॉनचा सराव साधारण १६ ते २० आठवड्यांचा असतो. लेक आठवड्यातून चार दिवस पळायची. तीन दिवस थोडं, आणि रविवारी लांबचं. लांबचं पळणं १० किलोमीटरपासून सुरू करून हळूहळू ३० किलोमीटरपर्यंत न्यायचं, आणि दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम कमी पळायचं. बहुतेक पळणं अशा वेगाने, की सोबतच्या माणसाशी बोलता आलं पाहिजे. धाप लागून बोलणं तुटलं की वेग जास्त झाला असं समजायचं.

शरीरात काय होतं ते पाहा. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं. स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात. स्नायू साखरेचा साठा करायला शिकतात. आणि हाडं मजबूत होतात, पण हाडांची रीत वेगळी आहे. भार पडला की शरीर आधी जुनं हाड थोडं कोरून काढतं आणि मग तिथे नवं भरतं. या दोन्हींच्या मध्ये काही आठवडे जातात आणि त्या काळात ती जागा कच्ची असते. आपल्याकडे रस्ता खणतात, खडी टाकतात, मग डांबर घालतात. खणलेल्या रस्त्यावरून कुणी ट्रक सोडला तर काय होईल? म्हणूनच जाणती माणसं सांगतात, की ताकद पळताना येत नाही. ती विश्रांतीत, झोपेत आणि जेवणातून येते.

नडगीचं दुखणं

आता आमच्या घरची चूक सांगते. लेकीचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. पळून यायचं, मुलाचा डबा, बाळाची अंघोळ, आठ वाजता कामाला. धाकटीला दाढा येत होत्या, रात्री दोन-तीनदा उठायची. जावयाची नोकरी फिरतीची. लेकीची झोप जेमतेम चार-पाच तास. आणि जेवण म्हणजे मुलांच्या ताटात उरलेलं.

सप्टेंबरमध्ये माझ्या लक्षात आलं, की ती जिना उतरताना कठडा धरते आणि एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवते. मी तिला बसवलं आणि नडगीवरून बोट फिरवलं. एका जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या, ती ओरडलीच. स्नायू दुखतो तेव्हा दुखणं पसरलेलं असतं. हाड दुखतं तेव्हा बहुतेक वेळा बोटाने दाखवता येतं. "किती दिवस?" विचारलं, तर म्हणाली, "तीन आठवडे. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, बघ, मी सांगत होते."

एक्स-रे स्वच्छ आला. सुरुवातीला पुष्कळदा तो तसाच येतो. एमआरआयमध्ये हाडाच्या आत सूज दिसली. अजून चीर पडली नव्हती, पण आणखी थोडे दिवस गेले असते तर पडली असती. सहा आठवडे पळणं बंद, म्हणजे त्या वर्षीची शर्यत गेली. डॉक्टरांनी तिला तीन प्रश्न विचारले. खातेस किती? झोपतेस किती? पाळी वेळेवर येते का? जेवढी शक्ती खर्च होते तेवढं अन्न पोटात गेलं नाही, तर शरीर हाडं आणि हार्मोन यांच्यावरचा खर्च कमी करतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलं. ही उणीव फक्त बारीक मुलींना येत नाही. धावपळीत जेवण विसरणाऱ्या कोणत्याही आईला येऊ शकते.

मोठ्या खेळाडूही यातून सुटलेल्या नाहीत. इंग्लंडची पॉला रॅडक्लिफ बाळंतपणानंतर फार लवकर सरावाला लागली आणि तिच्या माकडहाडाजवळच्या हाडाला चीर गेली. तिने विश्रांती घेतली आणि नोव्हेंबर २००७मध्ये, बाळ दहा महिन्यांचंही नसताना, न्यू यॉर्क मॅरेथॉन जिंकली. इंग्लंडच्या फिजिओथेरपिस्टांनी २०१९मध्ये काढलेल्या मार्गदर्शनात बाळंतपणानंतर निदान १२ आठवडे पळू नये असं सांगितलं आहे. आपल्या सुना-लेकींना हे जरूर सांगा.

डॉक्टरांकडून परतताना लेक गाडीत रडली. मीही खिडकीबाहेर पाहत बसले. कारण चूक तिची एकटीची नव्हती. मी तीन महिने त्या घरात होते. बाळ रात्री रडायचं ते मला ऐकू यायचं. पण मनात म्हणायची, "पळायची हौस आहे ना, मग सांभाळ सगळं." मी रागाने हात आखडता घेतला होता. हॉस्पिटलात दुसऱ्यांच्या लेकींसाठी रात्री जागवल्या आणि स्वतःच्या लेकीसाठी कूस बदलून झोपले. हे कबूल करायला मला पुढचं वर्ष लागलं.

दुसऱ्या वर्षाचं वेळापत्रक

दुसऱ्या वर्षी मी गेले त्याच आठवड्यात आम्ही तिघं टेबलाशी बसलो आणि कागदावर लिहून काढलं. आठवड्यातल्या दोन रात्री धाकटीला मी पाहायचं, दोन रात्री जावयाने. शुक्रवारी दिवे लावून, किद्दुश होऊन जेवणं झाली की लेकीने लवकर झोपायचं. शनिवारी शब्बाथ, त्या दिवशी सराव नाही. रविवारी लांबचं पळणं, तेव्हा मुलांची न्याहारी माझ्याकडे. लेकीने जाण्यापूर्वी केळं किंवा मीठ घातलेली तांदळाची पेज घ्यायची. परत आल्यावर तासाभरात चपाती, अंडी, डाळ, पोटभर. किप्पुरच्या उपासाच्या आठवड्यात लांबचं पळणंच ठेवलं नाही. आणि दुखलं तर त्याच दिवशी सांगायचं, मी "बघ" म्हणणार नाही.

तिच्या घराजवळ डेलावेअर आणि रॅरिटन कालव्याच्या काठाने जुनी वाट आहे. कालवा १८३४मध्ये सुरू झाला. पूर्वी त्या वाटेवरून खेचरं बोटी ओढत. वाट सपाट आणि मऊ मातीची. लेक तिथे पळायची, आणि मी बाबागाडी ढकलत चालायची. पहिल्या दिवशी मी दहा मिनिटं चालले आणि बाकावर बसले. दर आठवड्याला दोन-दोन मिनिटं वाढवली. ऑक्टोबर उजाडेपर्यंत अर्धा तास चालू लागले. स्वयंपाकघरात ओट्याला धरून लेक टाचा उचलायचा व्यायाम करायची, शेजारी उभी राहून मीही करायची. नातू मोजायचा आणि मध्येच आकडे गाळायचा.

शर्यतीचा दिवस

न्यू यॉर्क मॅरेथॉन १९७०मध्ये सुरू झाली. तेव्हा सगळी शर्यत सेंट्रल पार्कमध्येच होती. १२७ जण निघाले, ५५ जणांनी पुरी केली. १९७२मध्ये नियम असा होता, की बायकांनी पुरुषांच्या दहा मिनिटं आधी वेगळं निघायचं. सहा बायका सुरुवातीच्या रेषेवरच बसून राहिल्या आणि पुरुषांबरोबर उठून पळाल्या. ही शर्यत नावारूपाला आणणारे फ्रेड लेबाऊ रुमानियात जन्मलेले यहुदी. १९७६मध्ये त्यांच्या काळात ती शहराच्या पाचही भागांतून जाऊ लागली. १९९०मध्ये त्यांना मेंदूचा कॅन्सर झाला. तरी १९९२मध्ये, वयाच्या ६०व्या वर्षी, त्यांनी ही शर्यत ५ तास ३२ मिनिटांत पुरी केली. सोबत होती नऊ वेळा ही शर्यत जिंकलेली नॉर्वेची ग्रेटे वाइट्झ. ती त्यांच्या वेगाने, त्यांच्या बाजूने पळाली.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आम्ही मॅनहॅटनमध्ये फर्स्ट अव्हेन्यूवर उभे होतो. तिथे २५-२६ किलोमीटर झालेले असतात. लेक आली. कपाळावर घामाचं मीठ पांढरं झालेलं. थांबली, मुलांचे पापे घेतले, आणि मला विचारलं, "मम्मी, गोळी घेतलीस का? काही खाल्लंस?" मी म्हटलं, "तू जा पुढे!" तिने शर्यत ५ तास १८ मिनिटांत पुरी केली.

आपल्यासाठी काय

१. ज्येष्ठांनी आठवड्यात १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा तास चालणं. चालताना बोलता यावं, गाता येऊ नये, तो वेग बरोबर. एकदम अर्धा तास जमत नसेल तर दहा मिनिटांपासून सुरुवात करा.

२. आठवड्यातून दोनदा तरी ताकद आणि तोल यांचा व्यायाम करा. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, ओट्याला धरून टाचा उचलणं. खुर्ची भिंतीला टेकलेली असावी. म्हातारपणी माणूस पडतो तो बहुधा पाय आणि तोल कच्चा झाल्यामुळे.

३. आठवड्यातून एक दिवस विश्रांती घ्याच. हाड एका जागी दुखत असेल, सांधा सुजला असेल, तर अंगावर काढू नका. छातीत दडपण, भोवळ किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर तिथेच थांबा आणि लगेच मदत मागा.

४. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा गोड गोळ्या ठेवाव्यात. रिकाम्या पोटी चालू नये. घरी आल्यावर तळपाय पाहावेत. बुटात बोटांना जागा हवी.

५. पाणी प्या, पण घटाघटा नको. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तातलं मीठ प्रमाणापेक्षा उतरलेलं निघालं. मुख्य कारण, गरजेपेक्षा जास्त पाणी. ज्यांना लघवी होण्याची गोळी चालू आहे किंवा हृदय-मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांनी पाण्याचं माप डॉक्टरांनाच विचारावं.

६. घरात लहान मुलांची आई असेल, तर तिला आठवड्यातून दोन-तीनदा एक तास द्या. ती पळो, चालो की झोपो. "मी पाहते मुलांना, तू जा" एवढंच म्हणायचं, पुढे काही जोडायचं नाही.

आता मी ठाण्याला परत आले आहे. संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारते. चौथ्या बाकापाशी आमचे हे भाजीची पिशवी ठेवून दम खायचे आणि सवडीची गोष्ट काढायचे. त्या बाकापाशी मी थांबत नाही, पुढे जाते. आपणही उद्या सकाळी दहा मिनिटं निघा.