कुफू बघायचा कसा?

शिरोली एमआयडीसीत भट्टीवर काम करणाऱ्या पोराचं स्थळ आलं, की वडीलधारी मंडळी पहिलं आडनाव विचारतात. शिकलगार? नदाफ? अत्तार? ‘आपल्यात बसत नाही’ म्हणत चहाआधीच विषय मिटतो, आणि नाव कुफूचं घेतलं जातं.

कुफू म्हणजे जोडीची बरोबरी. हनफी फिकहात त्यात वंश आणि धंदा धरलाय, हे खरं. जुन्या ग्रंथांत विणकर कापडवाल्याच्या तोलाचा मानलेला नाही. पण धंद्याची पत त्या-त्या गावच्या रिवाजावर ठरते. तलवारींना धार लावणाऱ्याचा नातू आज सीएनसी चालवतो, नदाफाच्या घरात पिंजण उरलेली नाही. तेव्हा आजचं काम विचारा. मालिकी पंथ तर धंदा मोजतच नाही.

पोरगा कंपनीच्या रोलवर आहे की ठेकेदाराकडे? पीएफ कापतात का? तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागा, लाजू नका. दुमजली घर मात्र मागू नका. नगद ठरलेला मेहर देता आला, बायकोचा खर्च झेपला, की मालमत्तेची अट हनफी मताने पुरी. मुलीचे अब्बा कारखानदार असले तरी.

मग मुलीला विचारा. वकील आणि दोन गवाह कबुली घ्यायला येतील तोवर थांबू नका. आधीच, खालाकरवी, एकटीला गाठून. कुफू तिच्या बाजूने बघतात: नवरा तिला साजेसा हवा. देण्याघेण्याच्या बैठकीत हे नेमकं उलटं होतं, आणि कुणाला खटकतही नाही.

स्थळ घाटाखालचं असेल तर पंथ विचारून घ्या. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. त्यांच्यात सज्ञान मुलीच्या निकाहालाही वली लागतो. हनफींत ती स्वतः निकाह करू शकते, जोड विजोड वाटली तर वली हरकत घेतो. मात्र सज्ञान मुलीने निवडलेला जोडीदार हा तिचा हक्क, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हादिया प्रकरणात सांगितलंय.

निकाहनाम्यात मेहर नगद किती, उधार किती, हे अक्षरी लिहा. लग्नानंतरची नोकरी, वेगळं बिऱ्हाड ठरलं असेल तर तेही शर्त म्हणून येऊ द्या. मुलगी 18, मुलगा 21, याचे दाखले आधीच बघा.

कुफू निकाहाच्या दिवशीचाच धरतात. पुढे ऑर्डरी घटून पोराला घरी बसवलं, तर ‘कुफू मोडला’ म्हणून पोरीला माहेरी आणता येत नाही. दोन वर्षं खर्चच दिला नाही, तर 1939 च्या कायद्याने तिला कोर्टात घटस्फोट मागता येतो. पण ती वाट वेगळी, आणि जायचं की नाही हे तिने ठरवायचं.