बालकाचे रडणे आणि मोठ्यांचे मन

नुकत्याच जन्मलेल्या बालकाजवळ शब्द नसतात. भूक लागली, दुपटे ओले झाले, पोटात कळ आली, थंडी वाजली, झोप आली किंवा जवळ कोणी नाही असे वाटले, तर या सगळ्यांसाठी त्याच्यापाशी एकच अर्ज असतो, तो म्हणजे रडणे. हा अर्ज ज्यांच्याकडे येतो ती मोठी माणसे मात्र एकसारखी वागत नाहीत. एकाच घरात आई कासावीस होते, वडील चिडतात, आजी दृष्ट काढायला मीठ-मोहरी शोधते, मामा पटकन मोबाईल समोर धरतो आणि शेजारी दार लावून घेतो. आवाज एकच, वागणे पाच तऱ्हांचे. असे का होते?

प्रश्न दिसायला घरगुती आहे. पण त्यात बालकाची सुरक्षितता, स्त्रीवर पडणारा भार आणि आपण रोज उच्चारतो त्या 'करुणा' शब्दाचा अर्थ, या तीनही गोष्टी गुंतलेल्या आहेत. म्हणून त्याचा थोडा अभ्यास येथे करू.

रडणे किती स्वाभाविक?

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ डॉ. ब्रेझल्टन यांनी 1962 साली 80 निरोगी बालकांच्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. दुसऱ्या आठवड्यात ही बालके दिवसाकाठी सुमारे पावणेदोन तास रडत होती. सहाव्या आठवड्यात हे प्रमाण पावणेतीन तासांवर गेले आणि नंतर उतरत गेले. रडण्याचा जोर संध्याकाळी अधिक होता. म्हणजे घरातले कमावते माणूस दमून परतते, आईला स्वयंपाकाची घाई असते, नेमक्या त्याच वेळी बालकाचाही सूर चढतो. यात बालकाचा दोष नाही आणि आईचेही काही चुकलेले नाही. तो वाढीचाच एक टप्पा आहे. हे ठाऊक असलेला माणूस आणि हे ठाऊक नसलेला माणूस एकच रडणे वेगळ्या कानांनी ऐकतात.

वेदना आणि संज्ञा

तथागतांनी माणसाचे विश्लेषण रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाच स्कंधांत केले. आपल्या प्रश्नाला ही मांडणी फार उपयोगी पडते. आवाज कानावर पडला की प्रथम सुखद वा दुःखद वेदना उठते. मग संज्ञा त्या अनुभवाला नाव देते आणि त्या नावाप्रमाणे संस्कार, म्हणजे आपली प्रतिक्रिया घडते.

रडण्याने उठणारी वेदना बहुतेकांत सारखीच असते. 1978 साली फ्रोडी, लॅम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आईवडिलांना रडणाऱ्या बालकाची चित्रफीत दाखवून त्यांचा रक्तदाब व त्वचेतील बदल मोजले. शरीराच्या या प्रतिक्रियेत आई आणि वडील असा भेद आढळला नाही. तेव्हा "पुरुषाला काही वाटत नाही" ही समजूत खरी नव्हे. वाटते दोघांनाही, फरक पुढच्या पायरीवर पडतो.

ती पायरी संज्ञेची. "भूक लागली असेल" असे नाव दिले की हात पुढे होतो. "हट्ट करतो आहे" असे नाव दिले की हात उगारला जातो. 1976 साली कॉन्ड्री दांपत्याने विद्यार्थ्यांना एकाच बालकाची चित्रफीत दाखविली. काहींना तो मुलगा आहे असे सांगितले, काहींना ती मुलगी आहे असे सांगितले. खेळण्याला दचकून बालक रडले तेव्हा 'मुलगा' समजणाऱ्यांना त्यात राग अधिक दिसला, तर 'मुलगी' समजणाऱ्यांना भीती. बालक तेच आणि रडणेही तेच होते! "मुलगा असून मुलीसारखा काय रडतोस?" हे वाक्य आपल्या वस्त्यांत कितीदा ऐकू येते, ते वाचकांनीच आठवावे.

ही नावे पुस्तकांतूनही येतात. मानसशास्त्रज्ञ वॉटसन यांनी 1928 च्या आपल्या ग्रंथात मुलांना फार कुरवाळू नये, पापे घेऊ नयेत असा उपदेश केला होता. "उचललेस की सवय लागेल" हे आपल्याकडचे बोलणे त्याच जातीचे आहे. उलट मॉन्ट्रियल येथे हुंझिकर व बार यांनी 1986 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही मातांना बालक रोज निदान तीन तास अंगाशी घेण्यास सांगितले, केवळ रडल्यावरच नव्हे तर एरवीही. सहाव्या आठवड्यात ही बालके इतरांपेक्षा 43 टक्के कमी रडली. बालकाला पाठीशी बांधून कामे उरकणाऱ्या आपल्या आजीबाईंनी हा प्रयोग कागदावर मांडला नाही, एवढेच.

सहवास शिकवितो

बालकाचे रडणे आईलाच कळते, असे म्हणून अनेक वडील बाजूला होतात. फ्रान्समधील संशोधकांनी 2013 साली याचीही परीक्षा घेतली. अनेक रडण्यांतून आपल्या बालकाचे रडणे ओळखण्यात, रोज पुरेसा वेळ बालकासोबत घालविणारे वडील आईच्या बरोबरीने उतरले. ज्यांचा सहवास कमी, त्यांची ओळखही कमी. म्हणजे ही विद्या जन्माने मिळत नाही, अभ्यासाने मिळते. जन्मावरून योग्यता ठरविणे नाकारणाऱ्या आपल्या धम्माला हे नवे वाटू नये.

परिस्थितीचा वाटा

मात्र सगळा दोष मनावर टाकणे अन्यायाचे होईल. 1920 च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया आपल्या तान्ह्या मुलांना अफूची 'बाळागोळी' देत, अशी नोंद त्या काळच्या अहवालांत आहे. त्या माता निर्दय नव्हत्या. घरी सांभाळणारे कोणी नव्हते आणि भोंगा झाला की कामावर हजर राहणे भाग होते. बालकाच्या रडण्याला उत्तर देण्याची सवडच परिस्थितीने त्यांच्यापासून हिरावून घेतली होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे मूळ ओळखले होते. 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा देताना, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका त्यांनी मांडली. 1929 साली तो कायदा झाला. आजही दहा बाय बाराच्या खोलीत, सलग झोप न मिळालेल्या आईकडून केवळ 'शांत राहा' अशी अपेक्षा करणे म्हणजे उपदेशाने पोट भरण्यासारखे आहे. तिला आधी दोन तासांची झोप हवी.

करुणेचे शत्रू

आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात प्रत्येक ब्रह्मविहाराचे जवळचे आणि दूरचे शत्रू सांगितले आहेत. करुणेचा जवळचा शत्रू शोक, तर दूरचा शत्रू हिंसा. उपेक्खेचा जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून आलेली बेपर्वाई. आता सुरुवातीचे घर पुन्हा पाहू. कासावीस होऊन स्वतःच रडू लागणे ही करुणा नव्हे, तो शोक होय. दार लावून घेणे ही उपेक्खा नव्हे, ती बेपर्वाई होय. आणि चापट मारणे ही शिस्त नव्हे, ती हिंसा होय. खरी करुणा दुःख ओळखते व ते दूर करण्यास हात लावते. खरी उपेक्खा तो हात कापू देत नाही.

सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. पहिला बाण दुःखद वेदनेचा, तो चुकत नाही. दुसरा बाण मनाने स्वतःवर ओढवून घेतलेला. रडण्याचा आवाज हा पहिला बाण. "हे मूल मुद्दाम छळते", "लोक काय म्हणतील" हा दुसरा. पहिल्या आणि दुसऱ्या बाणात एका श्वासाचे अंतर ठेवणे, हीच येथे स्मृतीची साधना.

आचरणात काय आणावे?

1. रडणे ऐकताच आधी भूक, ओलेपणा, उष्णता, कपड्यातील टोचणी व झोप पाहावी. ताप, दूध न घेणे, सुस्ती किंवा नेहमीपेक्षा वेगळा तीव्र स्वर असल्यास दृष्ट काढत न बसता डॉक्टरांकडे जावे.

2. तान्ह्या मुलाला रागाने कधीही गदागदा हलवू नये. त्याने मेंदूत रक्तस्राव होऊन अंधत्व, अपंगत्व किंवा मृत्यूही येऊ शकतो. राग अनावर झाल्यास बालकाला सुरक्षित जागी उताणे ठेवून काही मिनिटे बाजूला व्हावे, कोणाला तरी हाक मारावी. असे बाजूला होणे हा पळपुटेपणा नव्हे.

3. वडिलांनी दिवसातील एक ठरावीक वेळ बालकाची सर्व कामे स्वतः करावीत. 'मदत' म्हणून नव्हे, कर्तव्य म्हणून.

4. विहारात वंदनेच्या वेळी मूल रडले तर मातेकडे वळून पाहण्याऐवजी जवळच्या उपासकाने ते मूल घ्यावे, म्हणजे तिलाही प्रवचन ऐकता येईल.

5. विद्यार्थ्यांनी एक आठवडा आपल्या घरातील नोंद ठेवावी. मूल केव्हा रडले, कोण काय म्हणाले, कोणी काय केले. शेवटच्या रकान्यात त्या वेळी स्वतःच्या मनात काय उठले, तेही प्रामाणिकपणे लिहावे.

बालक आपला अर्ज पुन्हा पुन्हा करीत राहील, कारण त्याच्यापाशी दुसरा मार्ग नाही. मार्ग निवडण्याची मोकळीक मोठ्यांनाच आहे, आणि म्हणून जबाबदारीही मोठ्यांचीच आहे.