काचेचा तंतू

लाखांदूर हे भंडारा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. सभोवार धानाच्या बांध्या पसरलेल्या आहेत आणि तालुक्यातून वाहणारी चुलबंद नदी पुढे वैनगंगेस मिळते. मृग नक्षत्र जवळ आले, की या भागात आभाळ अकस्मात भरून येते. विजा कडाडू लागतात आणि शिवारातील माणसे लगबगीने घराची वाट धरतात.

अशा गावी एका शाळेच्या दोन इमारती आहेत, असे समजा. एका इमारतीत इंटरनेटची जोडणी आलेली आहे. संगणकांची खोली मात्र दुसऱ्या इमारतीत, मैदानाच्या पलीकडे दीडशे मीटरांवर आहे. या दोन इमारती कशा जोडाव्या?

तांब्याची तार टाकावी, असा विचार प्रथम मनात येतो. परंतु संगणक जोडण्याच्या नेहमीच्या तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर असते. दुसरी अडचण याहून गंभीर आहे. तांबे हे विजेचे उत्तम वाहक होय. जवळपास आकाशातील वीज कोसळली, तर तिच्या प्रभावाने अशा तारेत विजेचा जोरदार लोट उठतो. तो इमारतीत शिरून यंत्रे जाळतो. यंत्राजवळ बसलेल्या मुलांनाही त्यापासून धोका असतो.

म्हणून येथे काचेचा तंतू उपयोगी पडतो. काच वीज वाहून नेत नाही. तिच्यातून संदेश जातो, तो प्रकाशाच्या रूपाने. पण प्रकाश तर सरळ रेषेत जातो. मग तो वळणावळणाच्या तंतूतून कसा जाईल?

इ. स. १८४१ मध्ये जिनीव्हा येथे दानिएल कोलादों या शास्त्रज्ञाने एक प्रयोग दाखविला. पाण्याची धार वाकून खाली पडत होती आणि तिच्यात सोडलेला प्रकाशही तिच्याबरोबर वळत होता! पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासह लंडन येथे काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठविले. ते संशोधन १९५४ साली प्रसिद्ध झाले. शुद्ध काचेतून संदेश दूरवर जाऊ शकेल, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ साली दाखवून दिले. त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हा तंतू मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याएवढा जाड असतो. त्याच्या मध्यभागी काचेचा गाभा असतो आणि त्यावर किंचित विरळ काचेचे आवरण असते. गाभ्यातील तिरपा किरण आवरणाच्या सीमेवर पोचला, की बाहेर न जाता आत परततो. असा परतत परतत तो सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने पुढे धावतो.

दोन इमारतींमध्ये चर खणून त्यात नळी पुरतात आणि नळीतून केबल ओढतात. केबलमध्ये धातूची तार नसेल, याची काळजी घेतात. नाहीतर विजेला पुन्हा वाट मिळेल. केबल एकदम मुडपीत नाहीत, कारण तीव्र वळणावर प्रकाश बाहेर निसटतो आणि तंतू तुटतोही. टोके जोडताना ती ठिणगीच्या उष्णतेने वितळवून एकजीव करतात. शेवटी दोन्हीकडे विजेच्या संदेशाचे प्रकाशात आणि प्रकाशाचे पुन्हा विजेत रूपांतर करणारी लहान यंत्रे बसवितात. चालू तंतूच्या टोकात कधीही डोकावू नये. तेथील प्रकाश दिसत नाही, पण तो डोळ्यांस अपाय करू शकतो.

गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत असेच तंतू पोचविण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. २०१५ पासून तिला भारतनेट हे नाव मिळाले.

तंतूने सर्वच धोका टळतो, असे मात्र नव्हे. दिव्यापंख्यांना वीज पुरविणाऱ्या तारा धातूच्याच असतात. म्हणून आभाळ गडगडण्यापूर्वीच शहाणा माणूस संगणकाचा प्लग काढून ठेवतो. बाहेर वीज कडाडत असते आणि मैदानाखालचा काचेचा तंतू तिला वाट न देता शांतपणे पडून असतो.