*बटेरचं अंडं तडकतंय? आधी नक्षी बघा*



जोगेश्वरीला गेलेल्या बटेर अंड्यांच्या ट्रेमध्ये या खेपेला तडकलेली अंडी जास्त निघाली. दुकानदार तेवढे पैसे कापून घेतो. फोनवर बऱ्याच जणांनी विचारलं, "पक्ष्याची जातच खराब आहे का?" जात बदलण्याआधी एक करून बघा.

प्रत्येक मादीच्या अंड्यावरची नक्षी तिची स्वतःची असते. एकीचे बारीक ठिपके, दुसरीचे मोठे डाग. ही गोष्ट रक्तातून येते, सहसा बदलत नाही. म्हणून पातळ, तडकलेली अंडी चार दिवस बाजूला ठेवा. *एकाच नक्षीची निघाली तर दोष त्या मादीत, ती वेगळी काढा. सगळ्या नक्षींची निघाली तर दोष शेडमध्ये किंवा खाद्यात.*

शेडमध्ये पहिला संशय उष्णतेवर. पक्षी धापा टाकतो तेव्हा श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो आणि कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. त्यात खाणंही घटतं, म्हणजे कॅल्शियमही कमी. पत्र्यावर ओली पोती टाका, दुपारी गार पाणी द्या. अंड्यावरच्या पक्ष्यांच्या खाद्यात कॅल्शियम अडीच ते तीन टक्के लागतं. ब्रॉयलरचं खाद्य स्वस्त पडतं म्हणून घालू नका, त्यात ते जेमतेम एक टक्का असतं.

बटेर बहुतेक अंडी दुपारनंतर ते संध्याकाळपर्यंत घालते. पुढच्या अंड्याचं कवच रात्रभर बनतं, म्हणून शिंपल्यांचा चुरा संध्याकाळी द्या. अंडीही तेव्हाच गोळा करा. कवच साधारण 0.2 मिमी, रात्रभर पिंजऱ्यात राहिलं की पायाखाली जातं.

अंड्याचं वजन (10 ते 12 ग्रॅम) मात्र बरंचसं आनुवंशिक. नुसतं खाद्य वाढवून ते फारसं वाढत नाही. जपानी बटेर भारतात 1974 मध्ये आली. पुढे बरेलीजवळच्या इज्जतनगर इथल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने मांसासाठी कॅरी उत्तम, अंड्यांसाठी कॅरी पर्ल अशा जाती काढल्या. पिल्लं घेताना कोणती ते विचाराच. घरचीच भावंडं जोडत राहिलात तर बटेर कोंबडीपेक्षा लवकर खचते, दोन-तीन पिढ्यांत उबवण घसरते. नर बाहेरचा आणा.

जोगेश्वरीला लागूनच आरे कॉलनीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संघटना आहे. माल पोचवायला आलात की तिथे चौकशी करून या.

बाजूला ठेवलेल्या अंड्यांचा फोटो शुक्रवारपर्यंत याच नंबरवर टाका. दिवसाच्या उजेडात, नक्षी दिसेल असा. सोबत खाद्याच्या पोत्यावरच्या लेबलचाही.