संख्या, समाज आणि बारावीनंतरची वाट

बारावीचा निकाल लागला की 'मुलाला संगणकाला घालावे ना?' असे विचारीत जे पालक येतात, त्यांच्या मनात संगणक म्हणजे बहुधा एक हुद्दा आणि त्याचा पगार एवढेच असते; पण त्याच यंत्राच्या साह्याने साथी, दुष्काळ, स्थलांतर अशा जगड्व्याळ प्रश्नांचा माग काढणारी, संगणकीय समाजविज्ञान या नावाने ओळखली जाणारी एक विद्या अलीकडे नावारूपाला आली आहे, ही वार्ता त्यांच्या कानी क्वचितच गेलेली असते.

१२ जानेवारी २०१० रोजी हैती देशाची राजधानी पोर्त-ओ-प्रिन्स भूकंपाने उद्ध्वस्त झाली, माणसे वाट फुटेल तिकडे निघून गेली, आणि कोण कोठे गेले हे सांगू शकेल असे दप्तर कोणापाशीच उरले नाही. तेव्हा स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेचे लिनस बेंग्ट्सन आणि त्यांचे सहकारी यांनी डिजिसेल कंपनीकडील सुमारे १९ लाख सिमकार्डांच्या नोंदी अभ्यासल्या. यातली एक नोंद म्हणजे नावगाव नसलेला क्रमांक, कॉलची वेळ आणि तो ज्या मनोऱ्यावरून गेला तो मनोरा, एवढीच रूक्ष ओळ. अशा असंख्य ओळी जुळवून त्यांनी अनुमान बांधले की, पहिल्या १९ दिवसांत सुमारे ६,३०,००० लोकांनी राजधानी सोडली असावी.

परंतु खरी कसोटी बेरजेत नव्हतीच. फोन मुका झाला म्हणजे माणूस दगावला, की यंत्र ढिगाऱ्याखाली गेले, की नुसती बॅटरी संपली? म्हणून भूकंपापूर्वी आणि अभ्यासाच्या अखेरच्या महिन्यातही ज्यांवरून कॉल झाला होता, तीच सिमकार्डे त्यांनी हिशेबात धरली. आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीत माणसांना प्रत्यक्ष विचारून जे चित्र मिळाले, त्याच्याशी आपले चित्र ताडून पाहिले. ते बरेचसे जुळले. नंतरच्या एका अभ्यासात याहून सूक्ष्म गोष्ट आढळली: राजधानी सोडणारे बहुसंख्य लोक नाताळ आणि नववर्षाच्या दिवसांत जेथे गेले होते, तेथेच पुन्हा गेले. मुंबईचा चाकरमानी गणपतीला कोणत्या वाडीत जातो हे ठाऊक असलेल्या आपल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. यंत्राने मात्र केवळ दोन काळांतील साम्य दाखविले, नाताळ म्हणजे आप्तांचे घर हा अर्थ माणसालाच लावावा लागला.

याउलट, लोक गूगलवर काय शोधतात यावरून फ्लूच्या साथीचा अंदाज देण्याचा उपक्रम त्या कंपनीने २००८ मध्ये सुरू केला, तो २०१२-१३ च्या हिवाळ्यात सपशेल चुकला. यंत्रसामग्रीची वाण तेथे खचितच नव्हती. नुसती चिंता वाटून शोधणारा आणि खरोखर तापाने फणफणलेला यांतला भेद ओळखणारा माणूसच या विद्येत दुर्मीळ असतो, आणि त्याच जागेसाठी तुमच्या पाल्याने तयारी करावी असे माझे मत आहे.

पुण्यात धनंजयराव गाडगीळ ज्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक होते ती १९३० पासून समाजाची पाहणी करीत आली, आणि त्याच शहरात १९९१ मध्ये सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक उभा केला. विद्यार्थ्याला या दोन्ही परंपरांचे संस्कार हवेत. कला शाखेला जाणाऱ्याने गणित टाकू नये, आणि अभियांत्रिकीला जाणाऱ्याने अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्र 'फावल्या वेळचा विषय' समजू नये. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचा बी. स्टॅट. अभ्यासक्रम कठीण, परंतु उत्कृष्ट आहे. पदवीनंतर लोकसंख्याशास्त्राकडे वळायचे झाल्यास, १९९२-९३ पासूनच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहण्या जिच्याकडे सोपविल्या गेल्या ती मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहेच. पायथन किंवा आर या संगणकभाषा घरबसल्याही शिकता येतात. त्यांच्यासाठी भरमसाट फी भरणे मला अनाठायी वाटते.

राहिला पोटापाण्याचा प्रश्न. संघ लोकसेवा आयोगामार्फत भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा होते, बँकांना आणि विमा कंपन्यांना अशी माणसे लागतात. संशोधनाच्या वाटेवर मात्र पहिली काही वर्षे शिष्यवृत्तीवर काढावी लागतील, आणि ही गोष्ट मुलापासून लपवू नये. प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी २०११ च्या खानेसुमारीतील आपल्या गावाचा तक्ता त्याला काढू द्या आणि एखाद्या आळीत जाऊन घरे मोजू द्या: कुलूपबंद घर, ऊसतोडीला गेलेले कुटुंब, एका छपराखाली पेटणाऱ्या दोन चुली यांची नोंद कशी करावी, या पेचात त्याला रस वाटला, तर अर्ज जरूर भरा.