धंदा गावातच का रुजतो?

नवा धंदा काढायला काय लागतं, असं वर्गात विचारलं की बहुतेक जण ‘भांडवल’ म्हणतात. पण भांडवल तर कुठंही नेता येतं. मग एकाच प्रकारचे कारखाने एकाच गावात दाटीनं का उभे राहतात?

अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्येच याचं उत्तर दिलं होतं. धंदा एका जागी रुजला की त्यातलं कसब शेजारीपाजारी पसरतं. एकानं युक्ती काढली की दुसरा ती उचलतो आणि तीत भर घालतो.

आपल्या बेळगावचंच बघा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये इथं सायकलचं दुकान काढलं. पुढं कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर आला. लोखंडानं जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता, त्यामुळं नांगर लवकर खपेनात. म्हणजे यंत्राइतकीच गिऱ्हाइकाच्या मनाची माहितीही हवी! १९१० मध्ये कारखाना किर्लोस्करवाडीला हलला. आज उद्यमबागेत ओतकामाचे आणि यंत्रकामाचे कारखाने आहेत. त्याचं सगळं श्रेय एकाच माणसाला देणं मला पटत नाही. ते अनेक हातांचं काम आहे.

साच्याची वाळू मुठीत दाबून तिची ओल ओळखणारा कारागीर हे पुस्तकातून शिकलेला नसतो. तो स्वतःचं वर्कशॉप काढतो तेव्हा हे ज्ञान सोबत नेतो. साचे कोण बनवतं, उधारी कोण थकवतं, हेही त्याला ठाऊक असतं. म्हणून तो सहसा जवळच जागा शोधतो. अमेरिकेतही हेच दिसतं. १९५७ मध्ये शॉकलींची प्रयोगशाळा सोडून आठ जणांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर काढली. त्यांतल्याच नॉइस आणि मूर यांनी १९६८ मध्ये इंटेल. सगळं त्याच सिलिकॉन व्हॅलीत.

याची दुसरी बाजूही आहे. सगळ्यांना एकच काम येत असेल तर मागणी घटली की सगळेच अडचणीत येतात. विजेवरच्या गाडीला क्रँकशाफ्ट लागत नाही. मग इंजिनाचे भाग करणाऱ्यांनी पुढं काय करायचं? माझ्या मते, धातू ओतायचं आणि घडवायचं कसब जुनं होत नाही, त्याला नवी वस्तू शोधावी लागते. त्यासाठी ते आधी नीट ओळखायला हवं.

इथं आपल्या मंडळाला काम आहे. तुमच्या घरी, गल्लीत कुणी कारागीर असेल तर त्यांच्याशी बोला. त्यांचे मराठी, कानडी, इंग्रजी मिसळलेले शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. ते निवृत्त झाले आणि आपण पुण्याला नाहीतर बेंगळुरूला गेलो, तर हे विचारायचं कुणाला?